एक टोला जास्त

आमच्या गल्लीतले पिंजारीचाचा दरवर्षी चारचौघांत उभे राहून स्वतःचं मरण मागायचे, आणि आम्ही सगळे मोठ्यानं 'आमीन' म्हणायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आवाज इतका गोड होता, की माणूस काय मागतोय इकडे लक्षच जायचं नाही. आता आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो.

इंदापुरात आमच्या दारासमोरच त्यांचं दुकान. गाद्या भरायच्या, जुना कापूस पिंजायचा, हा धंदा. दिवसभर पिंजणीची तात, म्हणजे तिची ताणलेली दोरी, 'तंव तंव' वाजायची आणि चाचा त्या ठेक्यावर नात-शरीफ रचायचे. नात-शरीफ म्हणजे पैगंबरसाहेबांच्या स्तुतीची कवनं. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "चाचा, नातेला वाद्य चालत नाही ना तुमच्यात?" तर म्हणाले, "ह्ये वाद्य कुठं हाय बाई? ह्ये पोटाचं हत्यार हाय. त्येच वाजतंय, मी काय करू?" आणि भुवयांवरचा कापूस झटकून तातेवर टोले मारायचा ठोकळा पुन्हा उचलला.

उर्दू त्यांना लिहिता येत नव्हतं. शिकले आमच्याच मराठी शाळेत, चौथीपर्यंत. कवनं शाळेच्या वहीत, बाळबोध अक्षरात, अर्धी मराठी अर्धी दखनी. मी मास्तरीणबाई, त्यामुळे वही तपासायला माझ्याकडे यायची. "तुमी शिकल्याली मानसं. चुकलं माकलं बघा," म्हणून पायरीवर बसायचे, आणि मी लाल पेन घेऊन तुटून पडायची. मला तेव्हा लाल पेनाची फार घमेंड होती बाई! चौथीचं पोर काय आणि साठीचा शायर काय, माझ्या तावडीतून कुणी सुटत नसे.

असंच एक कवन आलं. शेवटी अल्लाकडे मागणं होतं: 'मदिन्याला नेशील तर लवकर परत आणू नको, त्या गल्लीच्या मातीत कपाळ मळू दे.' मी वाचलं, मांडीवर ठेका धरला आणि म्हटलं, "चाचा, एक टोला जास्त होतोय. 'लवकर' काढा. 'मदिन्याला नेशील तर परत आणू नको.' बघा कसं ठसठशीत बसतं." मी लाल रेघ मारलीसुद्धा. चाचा दुकानात गेले, पिंजणीवर ओळ वाजवून पाहिली आणि तिथूनच ओरडले, "बसली, बाई! झकास बसली!"

दुसऱ्या दिवशी चाची वाटीभर गूळ मागायला आली. चाची म्हणजे त्यांची बायको. उंच, सडसडीत, गुडघ्यांनी अधू. वाचता येत नव्हतं, पण चाचांची कवनं ऐकून पाठ. गूळ घेतला तरी जाईना. मग म्हणाली, "त्या ओळीत काल 'लवकर' व्हतं. आज न्हाय. आदीचीच बरी व्हती." मी हसून विषय उडवून लावला. कवितेतलं हिला काय कळतंय, असं मनात म्हटलं. देवा, काय मेली ती अक्कल माझी!

पुढं ते कवन गल्लीचं होऊन बसलं. दरवर्षी मिलादला, म्हणजे पैगंबरजयंतीला, चाचा शेवटी तेच म्हणायचे. आम्ही बायका पडद्याआड, मी चाचीला लागून. ती ओळ आली की मांडवभर 'आमीन' घुमायचं. चाचीचे ओठ मात्र मिटलेले. माझ्या सासूबाई एकदा घरी येऊन कुजबुजल्या, "सवाष्णीच्या घरात असलं काय मागतो गं हा माणूस? वास्तुपुरुष ऐकत असतो." मी त्यांनाही गप्प बसवलं.

मग एके वर्षी हजच्या यादीत चाचांचं नाव लागलं. चाचीला चालवत नव्हतं, म्हणून एकट्याचंच. गल्लीनं पेढे वाटले. पण चाचांचं वागणं मला कसंसंच वाटायला लागलं. आलेली प्रत्येक गादी संपवली, नवी घेतली नाही. पिंजणीची तात उतरवली, गुंडाळून चाचीच्या पेटीत ठेवली. हजला जाणाऱ्यानं सगळ्यांची माफी मागून जायचं असतं, तर हे दारोदार फिरले. एसटीनं पार बारामतीपल्याड कऱ्हाटीला जाऊन आले. तिथल्या एका तात्यांच्या नव्या गादीत पंधरा वर्षांपूर्वी शेरभर जुना कापूस घातला होता म्हणे. मी म्हटलं, "अहो, ती गादी तरी शिल्लक आहे का?" तर म्हणाले, "गादी न्हाय बाई, तात्याबी न्हाय. ल्योकाकडनं माफी घिऊन आलो. आता मागं काय बी ऱ्हायलं न्हाय." ते हसत होते. मला हसू आलं नाही.

निघायच्या दिवशी दुपारी दारातच मांडव घातला. चाचांनी तेच कवन धरलं. पिंजण नव्हती, तरी पायाच्या अंगठ्यानं ठेका चालू होता. ती ओळ आली. साऱ्या गल्लीनं 'आमीन' म्हटलं, मीही म्हटलं, सवयीनं, सगळ्यांत मोठ्यानं. आणि चाचीनं माझं मनगट असं धरलं की बांगडी फुटली. मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

आमच्या घरी नुकतंच टेलिफोनचं कनेक्शन आलं होतं. चाचांचा फोन एकदाच आला, हज होऊन मदिन्याला पोचल्याचा. चाचीला बोलावून आणेपर्यंत कट झाला. त्यानंतर आठवड्यानं, मी भात टाकलेला, तर बारामतीच्या एका हाजींच्या मुलानं फोन केला. दुपारची नमाज झाल्यावर चाचा भिंतीला टेकून बसले ते उठलेच नाहीत. माती तिथंच झाली. गल्ली ओलांडायला मला बारा पावलं लागतात. त्या दिवशी ती संपता संपेनात.

संध्याकाळपासून माणसं यायला लागली. रडायला नव्हे, मुबारक द्यायला! मदिन्यात मरण म्हणजे केवढं भाग्य, मागितलं ते मिळालं, असं जो तो सांगे. चाची प्रत्येकाला मान डोलवून "हां" म्हणे. चौथ्या दिवशी घर रिकामं झालं, तेव्हा तिनं ती वही काढून मांडीवर घेतली.

"समदी म्हनत्यात नशीबवान," ती म्हणाली. "मला येकच कळतंय. आदी त्यांनी लिवलं व्हतं, लवकर आनू नको. म्हंजी उशिरा का हुईना, यायचं व्हतं. मग त्यांनीच त्यो शबूद काढला. त्यांना माझ्याकडं यायचंच न्हवतं, बाई."

खोटं बोलून सुटता आलं असतं. नाही बोलवलं.

"चाची, तो शब्द त्यांनी नाही काढला. मी काढला."

तिनं वर पाहिलं. "तुमी? कशापायी?"

"एक टोला जास्त होत होता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"घाला परत."

मी घातला. पर्समध्ये लाल पेनच होतं.