आप्पा बेलीफ आणि डाव्या हाताचा रॉड

आप्पा बेलीफ कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचा अपमान करत. आंबा हातात घेऊन ते आंब्यालाच विचारत, "तू आंबा हाईस का म्हातारी झालेली कैरी?" नवी चप्पल वाकवून म्हणत, "हिला तर कणाच न्हाई." भोकरदनच्या कोर्टात मी कारकून म्हणून रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मलाही वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "टिकंल. पण रंग जाईल."

गावोगाव समन्स पोचवणं हे त्यांचं काम. लोक त्यांना बघून कडब्याच्या गंजीमागे लपत. आप्पांच्या पिशवीत एका बाजूला कोर्टाची कागदं आणि दुसऱ्या बाजूला गळ आणि दोरा असायचा. वाटेत तळं लागलं की ते बसलेच. साहेबांनी एकदा झापलं तर म्हणाले, "साहेब, काम एकच हे. गपचूप बसायचं अन् समोरच्यानं तोंड उघडायची वाट पाहायची."

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. "बाबू, तुह्या मोबाईलमधी ते गळाचे विलायती दांडे दिसतेत का?"

जन्मभर वेळूच्या काठीनं मासे धरलेला माणूस! मी म्हणालो, "आप्पा, कुठलाही घ्या, मागवून टाकू."

"कुठलाही? बायको पाच मिनिटात पसंत केल्ती मी. अजून भोगून राह्यलो. दांड्याला टाइम देऊ."

मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आम्ही व्हिडिओ पाहिले. एका जातीच्या रॉडला रीळ खाली लोंबतं आणि फेकण्याआधी दुसऱ्या हातानं तार उघडावी लागते. ती जात आप्पांनी तिथंच बाद केली. दुसऱ्या जातीचं रीळ वर बसतं. अंगठ्यानं खटका दाबला की दोरा मोकळा, आणि तोच अंगठा ठेवला की दोरा बंद. हा बेटकास्टिंग रॉड. आप्पा त्याला 'बेटाकास्टिंग' म्हणत. "बेटा एका हातानं कामं करतो. मला असाच पायजे."

जालन्यात मासेमारीच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथं आम्ही दोघं गेलो. आप्पांनी खिशातून कापसाचं बोंड काढलं आणि रॉडच्या एकेका कडीतून कापूस फिरवायला सुरुवात केली. कापूस अडकला, म्हणजे कडी खरबरीत, म्हणजे दोरा तुटणार. दुकानदार तरुण होता, तो बघतच राहिला. मग आप्पांनी शेंड्याला पाण्यानं भरलेली बाटली टांगली.

"आजोबा, मासे धरायचेत का दुकान उचलायचंय?"

"मरळ पाह्यली का तू कधी? गवतात घुसली की बैलाला ऐकत न्हाई."

पहिला रॉड त्यांनी 'पोलिसाचा दंडुका' म्हणून परत केला. दुसरा लवलव हलत होता. "हा मुलीकडचा पाव्हणा. सगळ्याच गोष्टीला मान हलवतो." तिसरा साडेसहा फुटी, शेंड्याकडं नरम आणि मुठीकडं कडक. आप्पांनी तो हलवला, डोळे मिटले. "शेंड्याला लाज, बुडाला ताठा. बराबर."

मला एकच कोडं पडलं होतं. ते प्रत्येक रॉड डाव्या हातात धरत होते. दोऱ्याला शिशाचं वजन बांधून डाव्या हातानंच त्यांनी एक फेक केली. शिसं भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसलं. रिळाची मूठही त्यांनी डावीकडचीच मागितली.

"डावखुरे आहात का?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाई. तू बांध जल्दी."

बाहेर पडल्यावर ते घराकडं न जाता हसनाबादच्या जीपमध्ये चढले आणि मलाही ओढून घेतलं. जीपमध्ये त्यांनी पहिल्यांदाच नानांचं, म्हणजे थोरल्या भावाचं नाव काढलं. बांधावरून शेजाऱ्यानं नानांवर दावा लावला होता. नाना दोन बेलिफांना सापडले नाहीत. "मंग मीच गेल्तो. तळ्याच्या कोणत्या दगडावर बसतो ते मलाच ठावं व्हतं ना. लहानपणी दोघं तिथंच बसायचो. त्याच्या हातात गळाची काठी असताना समन्स दिला." नानांनी सही केली, काठी उचलली आणि निघून गेले. अकरा वर्षं एक शब्द नाही. आता नानांची उजवी बाजू लकव्यानं गेली होती.

आम्ही नानांच्या घरी पोचलो. नाना अंगणात बाजेवर बसले होते. आप्पांनी रॉड त्यांच्या मांडीवर ठेवला. तीस वर्षं प्रत्येकाला उत्तर देणारा माणूस तिथं पिशवीचा बंद सोडत-बांधत उभा होता.

"डाव्या हातानं चालतो," शेवटी ते म्हणाले. "फेकला की गुडघ्यात धरायचा, अन् त्याच हातानं दोरा गुंडाळायचा. म्या पाह्यलंय करून."

नानांनी बोलणाऱ्याकडं पाहिलंच नाही. खटक्यावरून डावा अंगठा फिरवला. मग सुनेला म्हणाले, "खुर्ची तळ्यावर न्यायला सांग."

तळ्यावर नानांची पहिलीच फेक. अंगठा वेळेवर टेकला नाही आणि रिळात दोऱ्याचा हा एवढा गुंता! आप्पा धावले आणि एक टोक ओढू लागले.

"ओढतो काय गाढवा! चिमटीत धर!" नाना ओरडले. अकरा वर्षांनंतरचा हा पहिला शब्द.

दोघं डोक्याला डोकं लावून बसले. गुंता सुटायला दोन तास लागले. तेवढ्या वेळात बांध, दावा, आई, एका चोरलेल्या शेळीची गोष्ट, सगळं निघालं. शिव्या तर अशा, की मी कोर्टातही ऐकल्या नव्हत्या. मासा एकही मिळाला नाही.

परतताना मी विचारलं, "माफी मागितलीत?"

"मागणार व्हतो. पाठ करून आल्तो. पण तो शिव्या देऊन राह्यलाव्हता, मधी कसं बोलावं?"

पुढं दर गुरुवारी आप्पा हसनाबादला जात. तिसऱ्या आठवड्यात नानांनी मरळ धरली. आप्पांनी तिला उलटी धरून सांगितलं, "एका हाताच्या माणसाला सापडलीस, लाज वाटू दे." नाना इतके हसले म्हणे, की खुर्ची कलंडली.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. सकाळी चहा पिताना, चहाला नावं ठेवतानाच. दहाव्याला नानांना जीपमधून आणलं होतं. रीतीप्रमाणे एकेक जण आप्पांचं कौतुक करू लागला. निवृत्त साहेब म्हणाले, फार सज्जन माणूस. कुणी म्हणालं, देवमाणूस. मी खाली मान घालून बसलो, कारण हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

नाना मध्येच बोलले, लकव्यानं जड झालेल्या जिभेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सज्जन-बिज्जन काय न्हवता." मग म्हणाले, "पण दांडा घेऊन आल्ता."