माझा लहानपणचा कप

"शी! तो नको घेऊ. तो ताईचा आहे."

वहिनींनी आपल्या पोरीच्या हातातून स्टीलचा कप हिसकावून घेतला. चार वर्षांची पोर. पाणी प्यायला उचलला होता तिने, इतकंच. वहिनींनी तिला कडेवर घेतलं आणि नळाखाली तिचे हात साबणाने चोळून धुतले. मी शेजारीच कांदा चिरत उभी होते. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. कप ओट्याच्या कोपऱ्यात, भांडी घासायच्या ब्रशशेजारी पालथा पडला. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

तो ठिपका मला चांगला ओळखीचा होता.

माझी आई एव्हरशाईन सिटी या बिल्डिंगांच्या वसाहतीत एका घरी धुणीभांडी करते. मी शाळेत जायच्याही आधीपासून. त्या घरच्या बाईंना आम्ही काकू म्हणतो. त्यांचा मुलगा म्हणजे दादा; ते आणि वहिनी आयर्लंडला असतात. शाळेच्या सुट्टीत आई मला आमच्या गावाहून, उमेळ्याहून, सोबत न्यायची. काकूंच्या बाल्कनीत, खिडकीच्या ग्रिलवर, आमचे दोन कप पालथे असायचे. मोठा आईचा, छोटा माझा. दोन्हींच्या बुडाला लाल ठिपका, घरातल्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून. काकू चहा वरून ओतायच्या, पातेलं कपाला लागू द्यायच्या नाहीत. आम्ही लादीवर बसून प्यायचो. मला वाटायचं, माझ्यासाठी वेगळा कप, केवढे माझे लाड! वर्गात मिरवलंही होतं मी. आता ते आठवलं की तेव्हाच्या माझी मलाच कीव येते. आणि मग संताप येतो.

पुढे मला आयर्लंडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिकडे राहायला खोली मिळेना. काकू म्हणाल्या, "आमच्या दादाकडे राहील की. घरचीच पोर आहे." आई त्यांच्या पाया पडली. मीही पडले. निघताना काकूंनी दादासाठी पार्सल दिलं. भाजणी, मेतकूट, लोणचं आणि फडक्यात बांधलेलं काहीतरी. माझ्या बॅगेचं वजन जास्त भरलं. आईने वाळवलेली सुकट आणि घरचा मसाला तिनेच निमूटपणे बाहेर काढला.

"ऱ्हाऊं दे आपलं. त्यांचं आदी जाऊं दे," म्हणाली.

पोचले त्या दिवशी वहिनींनी पार्सल उघडलं. फडक्यातून कप निघाला.

"अगं बघ! आईंनी आठवणीने पाठवलाय. तुझा लहानपणचा!"

वहिनी खरंच कौतुकाने हसत होत्या. आईची सुकट मागे ठेवून तो कप मी आणला होता. विमानातून. स्वतःच्या हाताने. त्या घरात जातीचं नाव कधी कोणी काढलं नाही. गरजच नव्हती. कप होता ना.

पोरीचे हात धुतले त्या दिवशी मी आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पी ना गं त्यातच. कप काय चावतो? मी नाय पीत इतकी वर्सं? तिथं तुला छप्पर कोन देनार?"

फोन ठेवून मी खूप रडले. वहिनींमुळे नाही. माझ्या आईला कप कधी चावलाच नव्हता, की चावून चावून तिची कातडीच मेली होती, हे मला कळेना. तिला विचारायची हिंमतही झाली नाही.

रविवारी दादा-वहिनींकडे पाहुणे आले, सगळे आपल्याकडचे मराठीच. चहा मी केला. वहिनींनी पांढऱ्या मगांत सगळ्यांना दिला आणि शेवटी माझ्या कपात ओतला. वरून. अगदी काकूंसारखा.

एका पाहुण्या बाईंनी सहज विचारलं, "हिला का बाई स्टीलचा?"

"तिला त्यातच आवडतो," वहिनी म्हणाल्या. "सवय आहे ना लहानपणापासून."

मी कप हातात घेतला.

"मला आवडत नाही, वहिनी. मला कोणी विचारलंच नव्हतं."

मी तो चहा सिंकमध्ये ओतला. फडताळातून पांढरा मग काढला. चहा घेतला. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले आणि प्यायले. चहा निवला होता, तरी शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

पाहुणे गेल्यावर दादा म्हणाले, "एका कपावरून एवढं? आम्ही तुला घरात घेतलं."

"मग घरातला कप द्यायचा होता," मी म्हणाले.

"तुझी सोय तू बघ आता."

बघितली. वर्गातल्या एका मुलीच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून झोपते. गारठ्याने पाठ धरते. निघताना कप मी बॅगेत टाकला. वहिनींनी अडवलं नाही. त्यांना तो नकोच होता.

काकूंनी आईला सुनावलं, "तुझ्या पोरीला शिक्षण पचलं नाही." आई ऐकून घेऊन भांडी घासायला बसली. अजून तिथेच जाते. मोठ्या कपातून चहा पिते. माझ्याशी नीट बोलत नाही. "जेवलीस का" एवढंच विचारते आणि फोन ठेवते. मला याचंच सगळ्यात जास्त दुःख आहे. ते कमी होईल असं वाटत नाही.

पण माझं ठरलंय. शिक्षण पुरं करणार, नोकरी धरणार. मग गावी गेले की आईला घेऊन एव्हरशाईनला जाणार. आई नको म्हणेल. रडेल. तरी नेणार. ग्रिलवरचा तिचा कप मी उचलणार, माझा बॅगेतून काढणार आणि दोन्ही काकूंच्या जेवायच्या टेबलावर पालथे ठेवणार. ठिपके वर. ज्याचे त्याला परत.

त्या लादीवर आमच्यातलं कोणी पुन्हा बसणार नाही.