कड लागली!

सिंगापुरातल्या उभ्या तोआ पायोहमध्ये कुणी न विचारता स्वतःला बाद देणारा माणूस एकच, आणि तो आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो. बँकेतून निवृत्त झालेले हे काका काकूंशी तावातावानं भांडता भांडता मध्येच थांबतात, "कड लागली!" म्हणतात, वर्तमानपत्राची गुंडाळी बॅटीसारखी काखेत मारतात आणि मान खाली घालून आतल्या खोलीत चालू लागतात. अशा वेळी जिंकलेल्या काकूच जास्त चिडतात, कारण त्यांचे निम्मे मुद्दे बोलायचेच राहिलेले असतात.

याचं मूळ काकांच्या आजोबांत. शंभरेक वर्षांपूर्वीचे ते फलंदाज. धोतर खोचून, अनवाणी खेळायचे. पाच भाऊ, पाचही क्रिकेटवेडे. आजीला बघायला गेले तेव्हा पणजोबांनी म्हणे अचानक लिंबू फेकलं. तिनं ते डाव्या हातानं झेललं आणि लग्न तिथंच ठरलं. काका सांगतात तेव्हा हे लिंबू दर खेपेला थोडं मोठं होतं. परवा त्याचा नारळ झाला होता. तर एका अटीतटीच्या सामन्यात, आजोबा नव्वद धावांवर असताना, चेंडू बॅटीची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हातात गेला. कुणाला आवाज आला नाही, कुणी अपील केलं नाही. आजोबा मात्र बॅट काखेत मारून निघाले. संघ हरला. भावांनी महिनाभर अबोला धरला. पणजोबांनी तेवढं त्या दिवशी त्यांच्या भातावर स्वतःच्या हातानं तूप वाढलं.

हे सगळं आपल्यापाशीच संपणार, हा काकांच्या जिवाला घोर. मुलाला खेळाचं वावडं. तिकडे सेंगकांगला राहणारी नात बॅडमिंटन खेळते आणि गोष्ट ऐकताना तिच्या कानात इयरफोन असतात. "पिसं बडवते नुसती!" काका म्हणायचे.

गेल्या महिन्यात तिच्या शाळेची फायनल होती. काकांनी मलाही ओढून नेलं. समोरच्या मुलीला जिंकायला एकच गुण हवा होता. शटल नातीला ओलांडून रेषेबाहेर पडलं. पंचांनी नातीला गुण दिला, आम्ही टाळ्या पिटल्या. तिनं हात वर केला.

"सर, टच्ड माय रॅकेट."

सामना गेला. रॅकेट काखेत मारून ती सरळ आमच्याकडे चालत आली. काका उघडउघड रडत होते, आणि खोटं कशाला सांगू, मीही.

दुपारी काकूंनी सगळ्यांना वरणभात वाढला. काका तुपाचं भांडं घेऊन उठले.

"आजोबा, इनफ लाह!" नात ओरडली.

काकांचा हात काही थांबेना.