पाटलांच्या वहाणा, काकांचे पाय

चाळीसच्या दशकात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, शहाद्याजवळच्या आमच्या गावात पाटलांनी माझ्या काकांना भर गल्लीत पायातल्या वहाणा काढायला लावल्या. मी काकांबरोबर होतो.

"काढ त्या! मन्हा दारसमोर वहाणा घालीसन चालस?"

"आबा, या वहाणा तुमन्याच शेतस. तुमले चावाले नको म्हनीसन घाल्यात."

"मंग हातमा धरीसन ये!"

पुढे घराण्याची माहिती जमवताना नातेवाइकांनीच मला सांगितले, की काकांनी पाटलांच्या वहाणा चोरल्या होत्या. हे खोटे आहे. आमच्याकडे कमावलेले कातडे बाहेरून येई. ते कापणे, शिवणे आणि त्याला तेल पाजणे हे आमचे काम. नवी वहाण कडक असते. म्हणून गिऱ्हाइकाला देण्याआधी चांभार ती स्वतः घालून मऊ करी. काकांच्या आणि पाटलांच्या पायाचे माप एकच होते, त्यामुळे पाटलांचा जोड दरवर्षी काकांच्याच पायात मऊ होई. फोड काकांना येत. तो जोड घालून अंगणात चालणे हे त्यांचे काम होते आणि गल्लीत चालणे हा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी पाटील त्याच वहाणा घालून बैलांपुढे चालले. काका अनवाणी होते.