डोझर चोरीची फिर्याद

नोकरीत फिर्यादी पुष्कळ घेतल्या, पण डोझर चोरीला गेल्याची एकच. गोष्ट साठच्या दशकातली.

मी मारेगाव भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. जवळच्या चुनखडीच्या खदानीत नुकतीच मोठी यंत्रं आली होती. डोझर टेकडीची कड ढकलताना पाहायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. बाजाराचा दिवस होता. निम्मे शिपाई बंदोबस्तावर, आणि खदानीचा मॅनेजर धापा टाकत ठाण्यात शिरला.

"फौजदारसाहेब, ऑपरेटर डोझर घेऊन पळाला!"

डोझर घेऊन माणूस पळणार किती? तरी मी फिर्याद नोंदवली आणि यंत्राला ग्रीस करणाऱ्या, ऑपरेटरच्या जोडीदाराला बोलावलं. तेवढ्यात हवालदार बाजारातून एका बांगडीवालीला घेऊन आला.

"म्या पाह्यला, साहेब," ती म्हणाली. "भर बाजाराच्या रस्त्यानं तांड्याकडं गेला. 'बाजूले व्हा' म्हणून बोंबलत होता. रडून राह्यलता तो."

चोर माल असा चारचौघांतून नेत नाही. मी ग्रीसवाल्याकडे वळलो.

"कोणाला विकायला नेला?"

"मले मालूम नाही, साहेब."

प्रत्येक उत्तराआधी तो मॅनेजरकडे बघत होता. मी मॅनेजरला चहासाठी बाहेर बसवलं आणि दार लोटलं. ग्रीसवाला एकदम फुटला.

"तांड्यावरच्या बाया घर सारवाले पांढरी माती आणाले गेलत्या. वरची दरड बसली. दोघी आत गाडल्या गेल्या, साहेब!"

"मग मॅनेजरकडे डोझर काहून नाही मागितला?"

"मांगितला ना! ते म्हणाले, मशीन खदानीसाठी हाय, बायांसाठी नाही."

मी मॅनेजरला त्याच्याच जीपमध्ये बसवलं, ठाण्यात उरलेले शिपाई मागे घेतले. काळ्या मातीत डोझरच्या लोखंडी पट्ट्यांच्या रुंद खुणा उमटल्या होत्या. आम्ही त्यांच्यावरून उधळलोच म्हणा ना.

टेकडीशी पोचलो तर सारा तांडा गोळा झालेला. ऑपरेटर दरडीच्या बाजूनं माती कापत होता. थेट ढिगावर यंत्र घातलं असतं, तर आतल्या चिरडल्या असत्या. मॅनेजर ओरडला, "पकडा त्याला! मशीन बंद करा!"

"मुद्देमाल चालू स्थितीत आहे की नाही, ते मला पंचांसमोर पाहायचंय," मी म्हणालो. "चालू दे रे!"

पातं पुन्हा खाली आलं. तांड्याच्या नाईकानं हात वर केला की इंजिन थांबायचं आणि तो जमिनीला कान लावायचा. एकदा त्यानं कान उचललाच नाही.

"आवाज हाय! आवाज हाय!"

मग कुदळी, घमेली, नुसते हात. माझे शिपाई टोप्या फेकून मातीत उतरले, त्यांच्यामागे मीही. एका मोठ्या दगडाखाली पोकळी राहिली होती. पहिली बाई खोकत बाहेर आली. दुसरीचा हात मोडला होता, पण श्वास चालू होता. ऑपरेटर पट्ट्याला टेकून खाली बसला आणि त्यानं दोन्ही मनगटं माझ्यापुढे धरली. मी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

चोरीला लबाडीचा हेतू लागतो, तो इथे नव्हता, असा अहवाल मी पाठवला. तो मान्य झाला. ऑपरेटरची नोकरी मात्र गेली. पुढे पुसदकडे धरणाच्या कामावर त्याला मोठं यंत्र मिळालं, हे कळलं तेव्हा मी ठाण्यात सगळ्यांना चहा पाजला.

मॅनेजरच्या फिर्यादीतला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त ती अर्ध्यावरून सुरू झाली होती. तेव्हापासून समोर कितीही मोठा माणूस बसो, लिहून घेण्याआधी मी विचारायचो, "याच्या आधी काय झालं?" बरेच जण चिडायचे. जे जास्त चिडायचे, त्यांना मी पुन्हा विचारायचो.