आबांची राणी पाहायला गेलो

चेन्नईहून रत्नागिरीला जायचं तर आधी मंगळूर गाठायचं आणि तिथून उत्तरेकडे जाणारी गाडी धरायची. कोकण रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोन-तीनच वर्षं झाली होती. नवऱ्याच्या बदलीमुळे मी बारा वर्षं चेन्नईत राहत होते, पण या मार्गाने कधी गेले नव्हते. माझं माहेर सोलापूरचं. कोकणाशी संबंध एवढाच, की थोरली नणंद, प्रभावन्सं, रत्नागिरीत मांडवीला दिलेली.

या प्रवासात माझ्यासोबत होते कदिरवेल सर. साठीचे, सावळे, अंगाने भरलेले आणि बोलायला अत्यंत कमी. मदुरैकडच्या नाटक कंपन्यांमधून लहानपणापासून काम केलेला हा नट. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा एक दिग्दर्शक रंगभूमीला आयुष्य वाहिलेल्या म्हाताऱ्या नटावर तमिळ चित्रपट काढत होता आणि त्यातली मुख्य भूमिका सरांना मिळाली होती. चित्रपटातला नट जन्मभर स्त्रीभूमिका करतो आणि शेवटी रंगमंचावरच प्राण सोडतो. एकदा चहा पिताना मी सहज म्हणाले, की आमच्या नणंदेच्या ओळखीत असे एक गृहस्थ आहेत, सत्तरी उलटली तरी गावच्या उत्सवात राणीचं काम करतात. सरांनी कप खाली ठेवला. "मला त्यांना बघायचंय," म्हणाले. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता, म्हणून दुभाषी म्हणून माझी नेमणूक झाली.

गोवा मागे पडल्यावर बोगदे सुरू झाले. अंधार, उजेड, पुन्हा अंधार. उजेडात एखादी खाडी दिसायची, तिच्या काठचे माड दिसायचे, की लगेच डोंगर गाडीला गिळायचा. सर खिडकीपासून हलले नाहीत. रत्नागिरीला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वन्सं रिक्षा घेऊन आल्या होत्या.

"वहिनी, हे नट ना? मग यांचे केस लांब का नाहीत?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी ते सरांना सांगितलं नाही.

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर गेलो. तिथली वाळू काळसर. मासेमारीचे मचवे परतत होते. सर बराच वेळ उभे राहून एका बाईकडे बघत होते. ती समुद्राकडे डोळे लावून उभी होती आणि मचवा जवळ आल्यावर पदर खोचून चालायला लागली. "किती वेळ उभी होती, पण एकदाही पाय बदलला नाही," ते म्हणाले. दिवसभरात त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलंच पूर्ण वाक्य. जेवताना मात्र सोलकढीने त्यांना बोलतं केलं. वन्संनी वाटी भरली, त्यांनी रिकामी केली, असं बराच वेळ चाललं. आमच्या रसमची ही धाकटी बहीण दिसते, असं त्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी, उत्सवाच्याच दिवशी, सकाळच्या एसटीने राजापूरकडच्या नाटे गावाकडे निघालो. राणीचं काम करणाऱ्या त्या गृहस्थांचं, आबांचं, गाव नाट्याच्या थोडं अलीकडे. सरांनी पाहुणे म्हणून जायचं तर नीट जावं या विचाराने पांढरीशुभ्र वेष्टी (आपल्याकडच्या लुंगीसारखं, पण मानाचं वस्त्र) नेसली होती. रस्त्याचं काम चालू होतं. सडा (वरचं उघडं कातळाचं पठार) लागला आणि लाल धुरळा खिडक्यांमधून आत घुसला. उतरलो तेव्हा वेष्टीचा रंग कौलांसारखा झाला होता. वर भर म्हणून पाखाडी (जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट) उतरताना सर घसरले आणि दोन पायऱ्या बसूनच उतरले. आबांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, आम्ही पोचलो ते अशा थाटात.

आबा ओटीवर उभे होते. उंच, सडसडीत, दाढी-मिशा घोटलेल्या, पाठ ताठ. त्यांनी सरांना खालून वर पाहिलं.

"आमच्या मातीनं आधीच धरलंन म्हणायचं यांना," ते म्हणाले. "या हो, या. बावीवर पाणी काढून ठेवलंय."

आबांची आंब्याची बाग होती. कलमं मोहोरली होती आणि सगळ्या आवाराला तो गोड, किंचित तुरट वास भरून राहिला होता. आबांच्या बायकोने, काकूंनी, घावने आणि नारळाचा रस पुढे ठेवला. सर खात होते, पण डोळे आबांच्या हातांवर होते. खाऊन झाल्यावर त्यांनी मला सांगितलं, "विचारा, आज राणी कशी तयार होणार? मला सगळं पहिल्यापासून बघायचंय."

मी विचारलं. आबांनी दाराकडे पाहिलं.

"प्रभाताईंनी कळवलं नाही वाटतं तुम्हाला," ते म्हणाले. "यंदा मी राणी नाही. राणी आमची वैशाली."

वैशाली त्यांची सून. चिपळूणची मुलगी, शाळेत असताना गाणं शिकलेली. ती दारातच उभी होती आणि आमच्याकडे अपराध्यासारखी बघत होती. एवढ्या लांबून आणलेल्या माणसाला आता काय सांगायचं?

आबांनीच सांगायला घेतलं. नाटक गावच्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. राणी चंद्रावतीचा नवरा गलबत घेऊन समुद्रावर जातो आणि परतत नाही. ती रोज बुरुजावर उभी राहते. शेवटच्या अंकात ती 'फिरला वारा, परत ये ना' हे पद म्हणते, तेव्हा देवळात रडला नाही असा माणूस नसे. तरुणपणापासून आबाच ते काम करत आले. मुंबईला नोकरीला असलेली गावची माणसं त्या एका पदासाठी रजा काढून येत.

"गेल्या वर्षी त्या पदाला लोक हसले," आबा म्हणाले. "पोरं हसली असती तर चाललं असतं. बायका हसल्या हो. वरचा स्वर लावायला गेलो नि आवाज चिरकला. मी ऐकलं ना माझ्याच कानांनी. त्यांचा दोष नाही. राणीचा आवाज तसा चिरकला तर राणी राहतच नाही, म्हातारा बाप्या राहतो."

"गावानं पुष्कळ सांगितलं," काकू म्हणाल्या. "चालेल म्हणाले, आबाच हवेत. बाई कशाला देवळात नाचवायची, असंही दोघे-तिघे म्हणाले. पण हे ऐकतात कुणाचं? वैशाली करेल, नाहीतर नाटक बंद."

मी हे सगळं तमिळमध्ये सांगितलं. सर निराश होतील असं वाटलं होतं. ते उठले, खळ्यात गेले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांना म्हणावं, राणी बुरुजाकडे कशी चालते ते एकदा दाखवा."

आबा हसले. खांद्यावरचा पंचा त्यांनी डोक्यावर घेतला. आणि तो सत्तरीचा पुरुष खळ्याच्या एका टोकापासून चालायला लागला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कंबर मुरडणं नाही की लाजणं नाही. फक्त मान थोडी पुढे, जणू कानाला काही ऐकू येतंय, आणि पाय मात्र उशिरा येताहेत. तुळशीपाशी येऊन ते थांबले.

मग सरांनी पंचा मागितला. लहानपणी मुलांच्या कंपनीत असताना त्यांनी केलेली एक विधवा राजकन्या त्यांनी चालून दाखवली. त्यांची चाल जमिनीला चिकटलेली, जड. आबांनी एकदम "वा!" म्हटलं. मग आबांनी काही दाखवलं, त्यावर सरांनी. माझी आता कुणालाच गरज नव्हती. काकू चहा घेऊन आल्या आणि अंगणात दोन म्हातारे आळीपाळीने पदर सावरताना बघून त्यांना इतकं हसू आलं, की कपबश्या माझ्या हातात देऊन त्या आत पळाल्या.

उत्सवाचं नाटक आता दिवेलागणीलाच सुरू करतात. देवळाच्या सभामंडपात पडदे लावले होते आणि बाहेर मांडवात माणसं दाटीने बसली होती. आबांनी आम्हाला विंगेत, स्वतःशेजारी जागा दिली. वैशालीचा शालू आबांचाच होता, म्हणजे राणीचा. तिच्या निऱ्या त्यांनी स्वतः नीट केल्या.

"आबा, लोक तुम्हालाच शोधतील," ती म्हणाली.

"शोधू देत. सापडणार नाही मी," ते म्हणाले.

पहिले दोन अंक बरे गेले. वैशाली नेटकं करत होती, पण आबांनी शिकवलेलं आहे ते कळत होतं. टाळ्या पडल्या त्या घरच्या मुलीला पडाव्यात तशा. शेवटच्या अंकात ती बुरुजावर आली, पेटीवाल्याने स्वर दिला आणि वीज गेली.

सगळा मांडव काळोखात बुडाला. पेटी थांबली. मुलं ओरडायला लागली. कुणीतरी गॅसबत्ती पेटवून विंगेत आणून ठेवली. तिच्या उजेडात दिसली ती रंगमंचाच्या मध्यावर उभी असलेली वैशाली. ती गात नव्हती. हलतही नव्हती.

"विसरली!" कुणीतरी म्हणालं. मग मांडवातून एक आवाज आला, "आबा, तुम्हीच या!" लगेच दुसरा, तिसरा. "आबा! आबा!" सगळं गाव बोलवायला लागलं.

आबा उठले. त्यांचे ओठ पदाचे शब्द म्हणत होते, ते मला स्पष्ट दिसत होतं. त्यांनी एक पाऊल टाकलं. कदिरवेल सरांनी त्यांना जाता यावं म्हणून पाय मागे घेतले. एका नटाने दुसऱ्याला दिलेली ती वाट होती.

आबा विंगेच्या कडेला पोचले आणि थबकले. वैशालीकडे बघत राहिले. मग खाली वाकले, गॅसबत्ती उचलली आणि पडद्याच्या आडूनच हात लांब करून धरली. उजेड सरळ तिच्या चेहऱ्यावर पडला. लोकांना दिसला असेल तो फक्त एक हात.

"घाई नको गो," ते पुटपुटले. ते तिला ऐकू गेलं का, कोण जाणे.

हाका हळूहळू विरल्या. आणि मग, पेटीशिवाय, वैशालीने पद उचललं. पहिल्या ओळीला आवाज बारीक होता. दुसऱ्यांदा 'परत ये ना' आलं तेव्हा तिने वरच्या स्वरावर जायचं सोडून आवाज खालीच ठेवला. हाक मारून मारून थकलेल्या बाईने आता स्वतःशीच बोलावं, तसा. आबांनी चमकून मान वर केली. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं. मांडवात पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाईने डोळ्यांना पदर लावला. तिच्यामागे कितीतरी जणींनी.

बत्ती तापली होती. आबांचा हात खाली झुकायला लागला. सर पुढे झाले आणि त्यांनी आबांच्या कोपराखाली आपला तळहात धरला. पद संपेपर्यंत दोघे तसेच उभे होते.

सकाळी निघण्याआधी सरांनी मला एकच प्रश्न विचारायला सांगितला. तुम्हाला काल रंगमंचावर जावंसं वाटलं नाही?

"वाटलं नाही कसं? पाऊल टाकलंच होतं की," आबा म्हणाले. त्यांच्या मनगटावर काकूंनी तेल लावलं होतं. "पण मग दिसलं, घाबरली असती तर माझ्याकडे बघितलं असतंन, ती बघतच नाहीये. राणीच्या समुद्राकडे बघत्ये. विसरली नव्हती ती. थांबली होती. राणी जशी थांबेल तशी. मी गेलो असतो तर नाटक मोडलं असतं." ते हसले. "आणि ते खाली घेतलंन ना तिनं पद, ते मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. मी आपला दर वेळी वरच जायचो. ते मात्र लागलं हो मनाला."

काकूंनी आमसुलं आणि फणसाची साटं (वाळवलेल्या रसाच्या पोळ्या) बांधून दिली. वैशाली बस थांब्यापर्यंत सोबत आली, पण वाटेत भेटणारा प्रत्येक जण तिला थांबवत होता, त्यामुळे बस जवळजवळ चुकलीच.

परतीच्या गाडीत कुडाळ आलं तेव्हा सर खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "माझ्या पटकथेतला म्हातारा रंगमंच सोडत नाही म्हणून थोर आहे. मी ते खरं मानून चाललो होतो." चेन्नईला पोचल्यावर त्यांनी दिग्दर्शकाशी बरीच हुज्जत घातली. शेवट काही बदलला नाही. लोकांना मरण लागतं, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. चित्रपट आला, थोडे दिवस चालला, सरांचं कौतुक झालं. मीही पाहिला. मरणाचा प्रसंग त्यांनी उत्तम केला होता, आणि तरी बघताना मला सारखं वाटत होतं, की हे आबांपेक्षा फार सोपं आहे. रंगमंचावर मरणाऱ्याला टाळ्या तरी मिळतात. कलेवर एवढं प्रेम करावं, की तिच्यासाठी आपण बाजूला उभं राहावं आणि त्याचं दुःखही लपवू नये, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं.

पुढच्या उत्सवाच्या आधी वैशालीचा फोन आला. नाटक तेच, राणी तीच. "आबांनी यंदा द्वारपालाचं काम घेतलंय," ती सांगत होती. "एकच वाक्य आहे हो त्यांना. पण रोज चारला सगळ्यांना तालमीला बसवतात. म्हणतात, माझं वाक्य बसलं नाही अजून."

मी जिना उतरून सरांना सांगायला गेले. योगायोगाने ते खाली दिग्दर्शकाकडेच बसले होते.

"कुठलं वाक्य?" त्यांनी लगेच विचारलं.

"राणीसाहेब येत आहेत," वैशालीकडून ऐकलेलं ते मी मराठीत म्हटलं आणि मग तमिळमध्ये सांगितलं.

सर उभे राहिले. काल्पनिक दाराशी गेले, ताठ झाले आणि ते वाक्य मोठ्याने म्हणाले. मग मान हलवली. "नाही," म्हणाले, आणि पुन्हा एकदा म्हणून बघितलं.