माझ्या जठरात साडू

माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या जठराचं अस्तर ज्यांच्या जास्त लक्षात राहतं, असे गृहस्थ जगात एकच असतील, आणि ते नेमके माझे धाकटे साडू निघावेत हे माझं नशीब. साडू देवासला पोटाचे डॉक्टर आहेत. तोंडातून दुर्बीण घालून लोकांची जठरं बघायची हा त्यांचा व्यवसाय. पण तो दवाखान्यातच ठेवून बाहेर पडावं, तर तसं नाही. एका लग्नात लोहारद्याच्या एका पेशंटनं त्यांना वाकून नमस्कार केला. साडूंना ओळख पटेना. त्यानं मोबाईलवर आपल्या जठराचा फोटो दाखवला मात्र, साडूंनी त्याला मिठीच मारली. मग तो फोटो श्रीखंडाच्या वाटीशेजारी ठेवून जेवण संपेपर्यंत त्यातल्या वळ्यांचं कौतुक चाललं. मी अर्ध्या पानावरून उठलो.

दुसरे डॉक्टर चहा निवायच्या आत उरकतात त्या तपासणीला यांना तिप्पट वेळ लागतो. धुतील, हवा भरतील, निळा उजेड टाकतील, पुन्हा धुतील. अस्तराचा रंग कुठे जरा फिकट दिसला, की यांचा पाय तिथून निघत नाही.

यंदा माझी जळजळ थांबेना, म्हणून धारहून मुकाट्यानं जाऊन त्यांच्या टेबलावर आडवा झालो. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, पण निघताना सवयीनं अर्धा पेला गार दूध घेतलं होतं. आमच्या घरात पित्तावर तेच औषध, त्याला कुणी खाणं म्हणत नाही. साडूंनी नळी बाहेर काढली आणि शांतपणे म्हणाले, "भाईसाब, सगळीकडे दूध चिकटलंय. कल फिर करेंगे." दिसलं तेवढं लिहून टाका, असं मी परोपरीनं सांगितलं. ऐकतील तर शपथ.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी, पुन्हा निळा उजेड. एका कोपऱ्यात मुगाच्या डाळीएवढा फिकट डाग सापडला. त्याचा तुकडा तपासायला गेला. घरी येऊन मी बायकोपुढे तिच्या बहिणीच्या नवऱ्याचा यथेच्छ उद्धार केला.

आठवड्यानं साडू न कळवता धारला आले. चहा घेतला, पण पोटाचा विषय काढला नाही, तेव्हाच मी कप खाली ठेवला.

"कॅन्सर आहे, भाईसाब," ते म्हणाले. "पण अगदी वरच्या थरात. दुर्बिणीतूनच निघेल असं वाटतंय."

मी कपबशा गोळा करायला लागलो. साडूंना ते सहन होईना. "काहीतरी बोला ना. चिडा माझ्यावर, नेहमीसारखे."

इतक्या वर्षांचा सराव, पण राग काही येईना. मी त्यांचा हात धरून बसलो, आणि आज यांनी लवकर उठू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.